गंजलेली जुनी फोर बाय फोर घरी बांधायचीय: आधी लिफ्ट का आधी इंजिन?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात परत लिहितो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री. तीस वर्षं जुनी, शिडीसारख्या चेसिसची (खालच्या लोखंडी सांगाड्याची), पुढे मागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा अखंड दांडा) आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) असलेली छोटी फोर बाय फोर तुम्ही घेतलीय. चार वर्षं उघड्यावर उभी होती, फ्लोअरला भोकं पडलीयेत, इंजिन हाताने फिरतं पण चालू करून बघितलेलं नाहीये. घरच्या शेडमध्ये स्वतःच करायचीय. यादीत ४ इंच लिफ्ट (म्हणजे गाडी तेवढी उंच करणं), ३१ इंची टायर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) आणि दोन्ही ॲक्सलला लॉकर (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारा भाग) आहेत आणि विचारताय की आधी लिफ्ट घालू का आधी इंजिन उतरवू.

माझ्या मते दोन्ही नको. तुमचा खरा प्रश्न हा आहे की चेसिस धड आहे का, कारण या गाडीत इंजिन, पाटे, स्टिअरिंग बॉक्स, बॉडी सगळं शेवटी चेसिसलाच लटकलेलं असतं, आणि लिफ्ट, मोठे टायर, विंच या तिन्ही गोष्टी त्याच चेसिसवर कंपनीने धरलेल्या हिशोबापेक्षा जास्त जोर टाकतात. मी आजवर घरी अशा चार गाड्या उभ्या केल्या, त्यातली एक अर्ध्यात सोडावी लागली. इंजिन उत्तम होतं, पाटे आणि शॉकअप नवे घातले होते, आणि मग मागचा शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) धरणारा भाग हातात खपल्या होऊन आला, पुढे बघितलं तर मागचा सगळा चेसिस आतून पोखरलेला. आधी बघितलं असतं तर वर्षभराचं काम आणि सगळे पार्ट वाचले असते. म्हणून हे एवढं लांबवून लिहितोय.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत हे मान्य. तुमच्या मॉडेलचा चांगला जुना किंवा नवा चेसिस मिळतो का, तुम्हाला वेल्डिंग कितपत येतं, छत आणि पक्की सपाट जमीन आहे का, आणि तुमच्याकडचे नियम चेसिसला वेल्डिंग, लिफ्ट आणि टायरच्या मापाबद्दल काय म्हणतात. हे शेवटचं कापाकापी करायच्या आधी लेखी विचारून घ्या. आणि चेसिस नंबर जिथे ठोकलाय तो भाग ग्राइंडरने अजिबात घासू नका, तिथे चिकटपट्टी लावून ठेवा, तो नंबर गेला तर गाडी कितीही सुंदर झाली तरी कागदावर ती गाडीच राहत नाही.

चेसिस कसा बघायचा ते सांगतो. गाडी चारही बाजूंनी घोड्यांवर (पक्क्या लोखंडी स्टँडवर) घ्या, जॅकवर नाही आणि विटांवर तर कधीच नाही, वीट न सांगता फुटते. खालून पाण्याचा प्रेशर मारून सगळा चिखल काढा, दोन दिवस वाळू द्या. मग हातोडी घ्या, साधी, बोथट तोंडाची, आणि चेसिसच्या एका टोकापासून दर दोन-तीन इंचावर ठोकत जा. चांगलं लोखंड ठणठणीत वाजतं, हातोडी उसळते. सडलेलं लोखंड बद्द वाजतं. जिथे आवाज बदलला तिथे जाड टोच्या किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर जोर लावून दाबा. आत गेला तर भोक तुम्ही पाडलं नाही, ते होतंच, वर फक्त रंग होता. खडूने गोल करा आणि पुढे चला.

बंद पेटीसारखा चेसिस बहुतेक वेळा आतून बाहेर सडतो. पाणी निघून जायला ठेवलेली भोकं चिखलाने बुजतात, आत ओला गाळ वर्षानुवर्षं बसून राहतो. त्यामुळे बाहेरून काळाकुळकुळीत दिसणारा चेसिस जास्त संशयास्पद, खास करून कोणी विकायच्या आधी डांबरी कोटिंग मारलेलं असेल तर. जिथे मी हमखास सड बघितलीय ती ठिकाणं म्हणजे मागच्या ॲक्सलवर चेसिस वर वळतो ती कमान, पाट्यांचे हँगर (पाटे चेसिसला धरणारे कंस) आणि शॅकल, बॉडी माउंटच्या बैठका, पुढच्या चाकाच्या लगेच मागचा भाग, गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर (चेसिसची आडवी पट्टी), आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्ट होतो ती जागा. ही शेवटची फार काळजीने बघा, एकाला स्टिअरिंग डावी-उजवी करायला लावा आणि तुम्ही खालून चेसिसचा पत्रा हलतोय का बघा. दोन पत्रे एकमेकांवर जोडलेत तिथे फुगवटा दिसला तर समजायचं मध्ये गंज आहे, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतो आणि वेल्ड केलेले पत्रेसुद्धा फाकवतो.

सोबत चेसिस सरळ आहे का तेही बघून घ्या. ओळंबा घ्या, दोन्ही बाजूच्या सारख्या बिंदूंवरून म्हणजे पाट्यांचे बोल्ट, माउंटची भोकं इथून जमिनीवर सोडा, खडूने खुणा करा, गाडी घोड्यांवरून उतरवून ढकलून बाजूला करा आणि कर्ण मोजा. मी ५ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालवून घेतो, त्याच्या वर गेला तर गाडी कधीतरी आपटलीय असं धरून नीट शोधतो.

आता निर्णय. एका बाजूला दोन-तीन ठिकाणी सड असेल तर ठिगळं लावून चेसिस नक्की वाचतो. दोन्ही बाजूंना हँगरही गेलेत, कमानही गेलीय, क्रॉस मेंबरही गेलाय असं असेल आणि दुसरा चेसिस मिळत असेल तर दुसराच घ्या, वीस ठिगळांचा चेसिस बांधण्यात जेवढे दिवस जातील त्याच्या निम्म्यात चांगल्या चेसिसवर सगळं सामान चढवून होतं. मिळतच नसेल तर मग गाडी तुम्हाला कशासाठी हवीय यावर आहे, साध्या कच्च्या रस्त्याला की दगडांवर चढायला, आणि दगडांसाठी मी तसा चेसिस वापरणार नाही.

उघडताना जाम बोल्ट हा सगळ्यात मोठा वेळखाऊ प्रकार. गंज सोडवणारं तेल आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधीपासून रोज मारत जा. पहिल्यांदा बोल्ट सोडायच्या दिशेने नाही तर किंचित आवळायच्या दिशेने हलवा, गंजाची पकड तुटते, मग सोडा, अडकला की परत थोडा आवळा, असं मागेपुढे. तरी नाही आला तर नट लाल होईपर्यंत गरम करा, पण जवळ रबर बुश, ब्रेक पाइप किंवा पेट्रोलचा पाइप असेल तर आधी काढा. मान तुटली आणि वर थोडा बुंधा राहिला तर त्यावर नवा नट ठेवून आतून वेल्ड करा, गरम असतानाच हळू फिरवा, वेल्डच्या उष्णतेनेच आटे सुटतात. प्रत्येक ठिकाणचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर कुठले ते लिहून, आणि उघडायच्या आधी दहा फोटो. आज तुम्हाला सगळं लक्षात राहील असं वाटतंय पण जोडायला घ्याल तेव्हा वर्ष उलटलेलं असेल.

बॉडी उचलायची असेल तर एक गोष्ट आधी करा, दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा पाइप वेल्ड करून घ्या. सडलेल्या फ्लोअरची बॉडी चेसिसवरून सुटली की चौकट वाकते, आणि मग नवीन फ्लोअर त्याच वाकड्या मापात बसतो. दुसऱ्या गाडीत मी हे केलं नव्हतं, दार शेवटपर्यंत नीट लागलं नाही, आणि ते सरळ करायला फ्लोअर परत कापावा लागला.

वेल्डिंगबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच गाडी राहते किंवा जाते. गंजावर ठिगळ लावू नका. सड जिथे दिसते त्याच्या पुढे कापत जा, जोपर्यंत कड चकचकीत आणि पूर्ण जाडीची येत नाही तोपर्यंत. वरून पत्रा चिकटवला की दोन्हीमध्ये पाणी अडकतं आणि सड पहिल्यापेक्षा जोरात चालू होते, माझ्या पहिल्या गाडीतलं असं ठिगळ दोन वर्षात किनाऱ्यांनी सुटून आलं. चेसिसला मूळ जाडीचाच किंवा किंचित जाड पत्रा वापरा, मोजून, साधारण २ ते ३ मिलिमीटर असतो. फार जाड ठिगळ लावलं की जोर ठिगळाच्या कडेला येऊन साचतो आणि तिथे चीर जाते. त्याच कारणाने ठिगळाची कड चेसिसला आडवी काटकोनात सोडू नका, तिरपी किंवा पतंगासारखी टोकदार ठेवा. मिगला (वायर आपोआप पुढे सोडणाऱ्या वेल्डिंग मशीनला) चेसिससाठी ०.८ मिलिमीटरची वायर आणि बॉडीच्या पातळ पत्र्याला ०.६ ची मला बरी पडते. बॉडीच्या पत्र्यावर सलग वेल्ड ओढू नका, लांब लांब टाके घाला, थंड होऊ द्या, मग मधले भरा, नाहीतर पत्रा लाटेसारखा वाकतो. वेल्डिंग नवीन शिकताय तर फ्लोअरवर शिका, आणि त्याच जाडीच्या तुकड्यांवर शिका, ते तुकडे शिकंज्यात धरून हातोडीने मोडून बघा, वेल्ड न सुटता पत्रा फाटला तर तुमचा हात तयार झाला. स्टिअरिंग बॉक्सची जागा, हँगर आणि सीटबेल्टचे माउंट मात्र ज्याचा हात खरंच तयार आहे त्याच्याकडूनच करून घ्या, ह्यात मी कमीपणा मानत नाही, मीही पहिल्या दोन गाड्यांना तेच केलं.

आता ज्या गोष्टींनी माणूस मरतो त्या. पेट्रोल टाकी गाडीतून काढून लांब ठेवा, रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोकादायक कारण आत वाफ असते, आणि टाकीला घरी वेल्डिंग कधीच नाही. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागी वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो, थोडाही पुरतो, म्हणून वेल्डिंगच्या आधी असला क्लीनर शेडमध्येच नको. झिंक चढवलेल्या पत्र्यावरचं झिंक घासून काढा, त्याच्या धुराने ताप आणि थंडी वाजते. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, ती धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. बॅटरी सोडवून ठेवा. आणि वेल्डिंग संपल्यावर किमान अर्धा तास तिथेच थांबा, ठिणगी गालिच्याखाली किंवा जुन्या फोममध्ये धुमसत राहते आणि तुम्ही घरात गेल्यावर पेटते.

गंज काढायला वायर ब्रश आणि घासपट्टी बहुतेक ठिकाणी पुरते. छोट्या पार्टना मी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून ठेवतो, गंज छान सुटतो, फक्त दुसऱ्या टोकाला साधं लोखंड लावा, स्टेनलेस नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि हे उघड्यावर करा कारण हायड्रोजन निघतो. पाटे आणि जास्त ताकदीचे बोल्ट या पाण्यात किंवा ॲसिडमध्ये टाकू नका, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात. गंज बदलणारं केमिकल म्हणजे रस्ट कन्व्हर्टर फक्त पातळ, घट्ट बसलेल्या गंजासाठी, सुटणाऱ्या खपलीवर मारून काही होत नाही. उघड्या लोखंडावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर जोडांना सीलर, मग रंग, आणि सगळं वेल्डिंग आणि रंग झाल्यावर चेसिसच्या आत लांब नळीने मेण किंवा लॅनोलिन. हे आतलं काम लोक सोडून देतात आणि सड तर आतूनच येते. डांबरी कोटिंग मी लावत नाही, ते कडक होऊन चिरतं, पाणी चिरेत शिरतं आणि वरून काही कळत नाही. दोन भागांचा हार्डनरवाला रंग मारणार असाल तर साध्या मास्कवर भागत नाही, त्यातल्या आयसोसायनेटसाठी बाहेरून हवा देणारा मास्क लागतो, तो नसेल तर ब्रशने साधा चेसिस पेंट मारा, ऑफरोड गाडीला तेच बरं, ओरखडा पडला की परत हात मारता येतो.

ब्रेकचे लोखंडी पाइप, रबरी होज, व्हील सिलिंडर हे न बघता बदला, उभ्या गाडीत ते गेलेलेच असतात. पाइपला कॉपर-निकेल वापरा, गंजत नाही आणि हाताने वाकतो. इंजिनबद्दल तुम्ही फार काळजीत आहात पण ते फिरतंय हीच मोठी गोष्ट. सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, दोन दिवस ठेवा, हाताने चार-पाच फेऱ्या द्या, ऑइल-फिल्टर-कूलंट नवीन, टायमिंग बेल्ट असेल तर तोही, जुनं पेट्रोल पूर्ण काढा, मग चालू करा आणि गरम झाल्यावर कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजा. सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आले तर इंजिनला हात लावू नका.

म्हणजे क्रम असा झाला: चेसिस, मग ब्रेक आणि स्टिअरिंग, मग इंजिन जेमतेम चालू, मग फ्लोअर आणि बॉडी. आणि यानंतर लगेच लिफ्ट नाही. गाडी आहे तशी, कंपनीच्या उंचीवर आणि कंपनीच्या टायरवर, निदान दोन-तीन महिने चालवा. यामागे माझा अनुभव आहे. नवीन बांधलेल्या गाडीत काहीतरी थरथरतं, काहीतरी ओढतं, कुठून तरी तेल गळतं, आणि तेव्हाच लिफ्टही घातलेली असेल तर दोष मूळचा का लिफ्टचा हे शोधणं फार कठीण होतं. साधी गाडी सरळ चालायला लागली की पुढचा प्रत्येक बदल एकेक करून करता येतो आणि काय बिघडलं ते त्याच दिवशी कळतं.

आता तुमच्या यादीकडे येतो. लिफ्टने डिफच्या (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) खालची जागा एक मिलिमीटरही वाढत नाही, कारण सॉलिड ॲक्सल टायरवर उभा असतो, लिफ्टने फक्त बॉडी आणि चेसिस वर जातात. डिफ उचलतात ते टायर, आणि तेही व्यासात जेवढे वाढले त्याच्या निम्मं. म्हणजे लिफ्टचा खरा उपयोग मोठा टायर घासू नये आणि ॲक्सलला वरखाली हलायला जागा मिळावी एवढाच, जोडीला चेसिस दगडाला कमी लागतो. ४ इंचावर गेलात की प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सची ताकद ॲक्सलला नेणाऱ्या दांड्याचे) कोन वाढतात, युनिव्हर्सल जॉइंट थरथरतात, स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा) उतरता होतो आणि खड्ड्यात गाडी आपोआप ओढते, ब्रेक होज कमी पडतात, आणि गाडी बाजूला कलंडायला सोपी होते. पाट्यांच्या छोट्या गाडीला २ इंच माझ्या मते गोड जागा आहे, तेवढ्यात बहुतेक गोष्टी मूळच्या राहतात. आणि उंची लांब शॅकल लावून काढू नका. शॅकल २ इंच लांब केला तर गाडी साधारण १ इंचच उठते, आणि पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर ॲक्सल असा फिरतो की कॅस्टर (चाक ज्यावर वळतं त्या खुंट्याचा मागे कललेला कोन) कमी होऊन स्टिअरिंग सरळ परत येत नाही, गाडी वेगात भटकते.

टायरचा हिशोब बघा. समजा तुमचा मूळ टायर २०५/७० आर १५ आहे, त्याचा व्यास ६६८ मिलिमीटर येतो. ३१ चा म्हणजे ७८७. जवळजवळ १८ टक्के मोठा. डिफखाली जास्तीची जागा मिळाली ६ सेंटिमीटरच्या आसपास, ही चांगली गोष्ट. पण स्पीडोमीटरवर ६० दिसतील तेव्हा गाडी ७१ ने पळत असेल, आणि ४.१ चा डिफ रेशो (चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या किती फेऱ्या) असेल तर इंजिनला तो साडेतीनसारखा जड वाटेल, चढावर दुसरा गिअर ओढणार नाही, क्लच तापेल, ब्रेकही जास्त दाबावा लागेल. परत पहिल्यासारखी ओढ हवी असेल तर ४.८ च्या आसपास रेशो घालावा लागतो किंवा ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा गिअरचा डबा) खालचा गिअर. ते करणार नसाल तर मधलं माप घ्या. बऱ्याचदा मूळ टायरमधली हवा कच्च्या रस्त्यावर १५-१८ पीएसआयवर आणली तरी गाडी जिथे अडकत होती तिथून निघते, फक्त डांबरी रस्त्यावर यायच्या आधी परत भरायची, म्हणून हवेचा छोटा कॉम्प्रेसर विंचच्या आधी घ्या.

लॉकर मागचा एकच आधी घाला. साधा डिफ दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, एक चाक हवेत असेल तर त्याला फिरायला जोर लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही काही मिळत नाही. मागे लॉकर आला की हा प्रश्न बराचसा सुटतो. पुढच्या ॲक्सलला लॉकर, मोठा टायर आणि पूर्ण वळवलेली स्टिअरिंग हे तिन्ही एकत्र आले की चाकाजवळचा जॉइंट तुटू शकतो, छोट्या गाड्यांत तर जास्तच.

विंच गाडीच्या भरलेल्या वजनाच्या निदान दीडपट क्षमतेची घ्या, १४०० किलोची गाडी तर २१०० च्या वर, आणि ती क्षमता ड्रमवरच्या पहिल्या थराची असते, दोर जितका गुंडाळलेला तितकी कमी. विंच आणि लोखंडी बंपर मिळून ७०-८० किलो अगदी पुढच्या टोकाला लटकतात, म्हणून विंच घ्यायची असेल तर पुढचे पाटे त्या वजनाचा विचार करूनच निवडा, म्हणजे लिफ्ट दोनदा करावी लागणार नाही. ओढायला टो बॉल (ट्रेलर जोडायचा गोळा) कधीच वापरू नका, तो तुटून गोळीसारखा येतो आणि त्याने माणसं मेलेली आहेत.

आणि एक स्वस्त गोष्ट जी तुमच्या यादीत नाही, डिफ आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदरना (हवा आत-बाहेर जायच्या छोट्या तोंडांना) नळी लावून ती वर इंजिनच्या खोलीत न्या. गरम ॲक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं, तेल दुधासारखं होतं. एका दुपारचं काम आहे.

तर या सुट्टीत फक्त एवढं करा, गाडी धुवा, घोड्यांवर घ्या, हातोडी आणि टोच्या घेऊन वर सांगितलेल्या सहा जागा बघा, खडूने खुणा करा आणि प्रत्येक खुणेचा शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो टाका. कमानीचा आणि स्टिअरिंग बॉक्सच्या जागेचा फोटो आतल्या बाजूनेही हवा. ते बघून हा चेसिस ठेवायचा का दुसरा शोधायचा हे मी सांगतो, तोपर्यंत लिफ्ट किटची ऑर्डर देऊ नका.